फोडून दाखवा

माझ्या आत्याला घरात सगळे पंचनामा म्हणतात. तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. एका मोठ्या दुकानात ‘माल परत’ अशी पाटी असलेल्या खिडकीमागे ती उभं आयुष्य बसली. लोक घेतलेली वस्तू परत आणायचे, आणि ती मुळातच बिघडलेली होती की यांनी घरी नेऊन बिघडवली, हे ठरवायचं काम आत्याचं. बूट आला की ती आधी तळवा बघायची. ब्लाउज आला की काखेपाशी नाक न्यायची, भर दुकानात, गिऱ्हाइकाच्या देखत. इस्त्री उलटी करून बोट फिरवायची आणि शांतपणे विचारायची, की एकदाही वापरली नाही म्हणता, मग हे काय चिकटलंय. निवृत्तीच्या वेळी दुकानाने तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते तिने आठवडाभर शेजाऱ्यांच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मगच खिळा ठोकला.

आमचे आतोबा याच्या बरोबर उलट. ते बॉयलर दुरुस्त करायचे, माणसांशी कमी बोलायचे आणि उरलेलं सगळं बोलणं मागच्या अंगणात कोंबड्यांशी करायचे. राखी रंग, पायांवर बारीक पिसं आणि डाव्या पंखात एकच पांढरं पीस, अशी कोंबडी त्यांनी वर्षानुवर्षं निवडून निवडून तयार केली होती. कुठला कोंबडा कुठल्या कोंबडीजवळ सोडायचा याचा ते जेवताना विचार करत बसायचे आणि ताटातलं गार व्हायचं. कुणी उबवायला अंडी मागितली की पिशवी भरून द्यायचे, वर पाणी पिऊन जा म्हणायचे. आत्या आतून बघत असायची की हा माणूस अंडी खरंच उबवणार आहे की घरी जाऊन तळणार आहे. त्या दोघांना मूल नव्हतं. त्याबद्दल आत्या कधी बोलली नाही, पण त्या कोंबड्यांना कुणी नुसत्या कोंबड्या म्हटलं की तिच्या कपाळावर आठी यायची.

आतोबा गेल्यावर कारभार तिच्याकडे आला. मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते आणि मला टाइप करता येतं, म्हणून मी तिची कारकून झाले. हौशी लोक कुरिअरने उबवणीची अंडी मागवतात अशी एक साइट होती. तिच्यावर आम्ही राखी कोंबड्यांचे फोटो टाकले आणि आत्याने मला अटी सांगायला घेतल्या. अंडी ताजी आणि फलित असतील, पुढची जबाबदारी आमची नाही. प्रवासात हादरे बसले, जबाबदार नाही. तुमचं मशीन खराब असेल, जबाबदार नाही. आणि शेवटी तिची लाडकी अट: पिल्लं निघाली नाहीत अशी तक्रार असेल तर ठरलेल्या दिवशी सगळी अंडी कॅमेऱ्यासमोर फोडून दाखवा, तरच बदली अंडी मिळतील. एवढं कडक कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, पिल्लं निघूनही निघाली नाहीत म्हणणारे शंभर भेटतात, आणि अंडं फोडलं की खोटं बोलता येत नाही.

या अटीवर अडकला तो एक बेकरीवाला. दूरच्या कुठल्याशा गावाचा. त्याने डझनभर अंडी नेली होती, भट्टीच्या वरच्या फळीवर खोकं करून उबवायला ठेवली होती. दिवस भरले आणि त्याचा निरोप आला की अजून एकही निघालं नाही, काय करावं. आत्याने मला लिहायला लावलं: फोडून दाखवा. त्याने उलट लिहिलं, की फोडायला मन होत नाही, अजून थोडं थांबू का? आत्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत हसली. हे हसू मला ठाऊक होतं, न वापरलेल्या इस्त्रीला काहीतरी चिकटलेलं सापडलं की हे हसू यायचं. "बघितलंस? फोडायचं म्हटलं की मन होत नाही. खोक्यात पिल्लं चिवचिवत असतील," ती म्हणाली आणि तिने मला त्या माणसाला ब्लॉक करायला सांगितलं. मी केलं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही तो निरोप जरा गुळमुळीत वाटला होता.

मग काही वर्षांनी मानमोडी आली. ज्यांनी कोंबड्यांचा हा रोग पाहिलाय त्यांना सांगायला नको. आज एक मान वाकडी करून बसली, उद्या चार, आणि आठवडा संपायच्या आत अंगण रिकामं. शेवटचा कोंबडा आत्याच्या मांडीवर गेला. तिने खुराडं चुन्याने धुतलं, दाणे-पाण्याची भांडी उन्हात पालथी घातली आणि दोन-तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी वर आली आणि म्हणाली, आपण एवढी अंडी विकली, कुणाकडे तरी आपली जात असेलच, शोध. मी एकेका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं. कुणी दुसऱ्या जातीत मिसळून टाकल्या होत्या, कुणी खाल्ल्या होत्या, कुणी छंदच सोडला होता. दर उत्तरागणिक आत्या जिन्यावर एकेक पायरी खाली बसत गेली असं मला वाटलं. तिने आतोबांचा स्वेटर अजून कुणाला दिला नव्हता. आता त्यांचं म्हणून जे जिवंत होतं तेच संपलं होतं.

आणि अशात मला साइटवर एक फोटो दिसला. पिठाच्या पोत्यांवर बसलेली राखी कोंबडी, पायांवर पिसं, डाव्या पंखात एक पांढरं पीस. विकणारा: तो बेकरीवाला.

मला वाटलं होतं आत्या आनंदाने रडेल. ती उठून उभी राहिली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "सापडला." कोंबडी सापडली असं नाही म्हणाली. एकही पिल्लू निघालं नाही म्हणत होता ना, मग हा कळप काय आभाळातून पडला? तिने मला माझ्या नावाने डझनभर अंडी मागवायला लावली. तिचं नाव दिसलं तर तो मुद्दाम उकडलेली अंडी पाठवेल, अशी तिची खात्री होती.

बेकरीवाल्याने ऑर्डर घेतली आणि भलामोठा निरोप पाठवला. अंडी आल्यावर लगेच मशीनमध्ये टाकू नका, एक दिवस निमुळतं टोक खाली करून शांत ठेवा. फार हादरली असतील तर हवेची पोकळी हलते, पहिले काही दिवस फिरवू नका. माझ्याकडून फलित निघतील एवढं मी सांगू शकतो, वाटेत काय होईल ते माझ्या हातात नाही. निम्मी निघाली तरी समाधान माना. उशीर झाला तर घाई करू नका, थांबा. आत्याने सगळं दोनदा वाचून घेतलं आणि एकेका वाक्यावर बोट ठेवलं. वाटेतलं माझ्या हातात नाही म्हणजे आत्ताच काखा वर केल्या. निम्मी म्हणजे निम्मी जुनी घालणार. उशीर झाला तर थांबा म्हणजे साइटवरची तक्रारीची मुदत टळेपर्यंत झुलवत ठेवणार. मी तिला आठवण करून दिली की ती स्वतः याहून कडक अटी लिहायची. ती म्हणाली, मी लिहायचे तो अनुभव होता. आणि हा लिहितो तेव्हा? तेव्हा पळवाट. विकणाऱ्याच्या खुर्चीत आणि घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून एकच माणूस इतकं वेगळं बोलू शकतो, हे मी घरबसल्या पाहून घेतलं.

खोकं आलं ते तिने कॅमेरा लावूनच उघडलं. प्रत्येक अंडं पिठाच्या पिशवीच्या कागदात गुंडाळलेलं, मध्ये भुसा, खाली फोम. एकाही अंड्याला तडा नव्हता. मला तर ते बघून त्या माणसाबद्दल बरंच वाटलं. आत्याने मोजली आणि तिचा चेहरा पडला. बारा मागवली होती, सोळा निघाली.

"चार जास्त का दिली?" ती म्हणाली. "कुणी फुकट देतं का? याला माहीत आहे यात दम नाही."

आणि मग तिने ते केलं जे ती सोडून दुसरं कुणी केलं नसतं. एक अंडं उचललं आणि बशीच्या कडेवर फोडलं. फलित अंड्याच्या पिवळ्यावर एक पांढरा ठिपका असतो आणि त्याभोवती गोल कडं असतं. ते कडं अगदी स्पष्ट होतं, मलासुद्धा दिसलं. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, वरच्या थरात चांगली ठेवली असतील. खालच्या थरातलं एक काढलं, फोडलं. तेही फलित. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. खोटेपणा शोधता शोधता तू सगळा कळपच बशीत ओतशील, असं मी जरा जोरातच बोलले. ती थांबली, पण पटलं म्हणून नाही. बदली मागताना अंडी शिल्लक दाखवावी लागतील म्हणून.

चौदा अंडी मशीनमध्ये गेली. आता एक गोष्ट सांगायला हवी. आत्याने आयुष्यात कधी मशीन वापरलं नव्हतं. घरच्या कोंबड्या खुडूक बसायच्या, अंडी अंगणातून थेट त्यांच्या पोटाखाली जायची आणि पिल्लं ठरल्या दिवशी बाहेर यायची. कुरिअरमध्ये आदळून आलेलं अंडं कसं वागतं ते तिने पाहिलंच नव्हतं, ती फक्त पाठवायची. मशीन मी एका ओळखीच्या बाईकडून मागून आणलं. त्यावर उष्णतेचा आकडा दिसायचा. आत्याचा त्यावरही विश्वास बसेना. हे असले आकडे चढवून दाखवतात, दुकानातलं वजनकाट्यांचं प्रकरण मला माहीत आहे, असं म्हणून तिने बटण जरासं खाली फिरवून ठेवलं.

ते सगळे दिवस बेकरीवाला अधूनमधून विचारायचा. अंडी कशी आहेत? टॉर्च लावून बघितलीत का? शिरा दिसल्या का? आत्या म्हणायची, एवढी चौकशी कशासाठी चाललीय, पुरावे गोळा करतोय, उद्या म्हणेल तुम्हीच चूक केली. ती मला एका शब्दात उत्तर द्यायला लावायची. बघितली. दिसल्या. तो बिचारा त्यावरही अंगठा दाखवायचा. टॉर्च लावल्यावर सात अंडी कोरी दिसली, ती काढून टाकली. उरलेली सात आत काळोखी भरत गेली आणि आत्या काही बोलत नसली तरी दिवसातून किती वेळा मशीनच्या काचेला नाक लावायची ते मला खालून येणाऱ्या स्टुलाच्या आवाजावरून कळायचं.

दिवस भरला. अंडी गप्प. दुसरा दिवस, तेच. साइटवर तक्रारीची मुदत त्या संध्याकाळी संपत होती. मी बेकरीवाल्याला विचारलं तर त्याने लिहिलं, थांबा, हात लावू नका. आत्याने तो निरोप माझ्या हातून घेऊन स्वतः वाचला आणि फोन उपडा ठेवला.

"हेच म्हणणार हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मुदत गेली की हा कानावर हात ठेवणार. मग कुठून आणू मी दुसरी अंडी? जगात एकाच माणसाकडे आहेत, आणि तो हा."

तिची भीती खोटी नव्हती, म्हणून माझ्याच्याने तिला ठामपणे अडवलं गेलं नाही. एक दिवस थांब, एवढंच मी म्हणाले. ती म्हणाली, मेलेल्या अंड्यांसाठी मुदत घालवू? स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं, फोन डब्याला टेकवून उभा केला, तारीख दिसावी म्हणून त्या दिवशीचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. सगळं तिने इतरांना सांगायची अगदी तसं. पहिलं अंडं फोडलं. आत अर्धवट वाढलेलं, केव्हाच मेलेलं. तिने ते कॅमेऱ्यासमोर धरलं. दुसरं फोडलं, वास सुटला. तेही धरलं. तिसऱ्याच्या बोथट टोकावर चमचा मारला, कवच सोललं, आतला पापुद्रा ओढला आणि तो ओढताना बारीकशी लाल रेघ फुटली.

मेलेल्या अंड्यातून रक्त असं वाहत नाही.

आत पूर्ण पिल्लू होतं. ओलं, राखी, मान पंखाखाली दुमडलेली. पोटाशी पिवळ्याचा गोळा अजून बाहेरच होता, आत ओढून घ्यायला त्याला अजून एखादा दिवस हवा होता. त्याने चोच उघडली. आवाज आला नाही. आत्याने कवचाचा तुकडा परत जागेवर बसवायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा, जसा काही तो बसणार होता. मी कोमट पाण्यात कापूस भिजवून आणला, मशीनकडे धावले, पण ती हललीच नाही. तिच्या तळहातावर ते थोडा वेळ श्वास घेत राहिलं आणि मग थांबलं. फोन डब्याला टेकून सगळं टिपत होता. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिचा चेहरा बघितल्यावर तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

"त्याला फोन लाव," ती म्हणाली.

मी लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे भट्टीचं दार आदळल्याचा आवाज आला.

"मी बोलतेय. जिची अंडी तुम्ही मागे नेली होती ती," ती म्हणाली.

"ओळखलं. ऑर्डरवरचा पत्ता बघूनच ओळखलं होतं."

"ओळखूनही पाठवलीत?"

"तुमच्या घरी परत अंडी मागवताय म्हणजे तुमच्याकडे काही उरलं नसेल. म्हणून चार जास्त घातली."

आत्याने डोळे मिटले. तरी विचारायची ती राहिली नाही. तिचा आवाज खिडकीमागचाच होता. "तेव्हा तुमची निघाली होती ना? खरं सांगा."

"निघाली. दिवस भरल्यावर तीन दिवसांनी, पाच निघाली. माझ्या फळीवर ऊब कमी पडायची, एवढंच. मी तुम्हाला लगेच कळवलं होतं, पण निरोप जात नव्हता. तुम्ही फोडायला सांगितलं होतं. माझा हात धजला नाही."

"माझा धजला," आत्या म्हणाली.

त्याने विचारलं, किती शिल्लक आहेत. चार, मी म्हणाले. मशीन किती ऊब दाखवतं ते त्याने विचारलं. मी आकडा सांगितला आणि बटणाची गोष्टही सांगितली. तो रागावला नाही, उलट त्याचा आवाज हलका झाला. मग तर उशीर होणारच, म्हणाला. ऊब जरा वाढवा, थोडं पाणी ठेवा, झाकण लावा आणि आता कितीही वाटलं तरी उघडू नका. तक्रारीच्या मुदतीचं त्याने नावही काढलं नाही. ती संध्याकाळी संपली तेव्हा आम्ही दोघी मशीनसमोर बसलो होतो आणि घड्याळाकडे आमचं लक्ष नव्हतं.

दोन दिवस आत्याने हात मांडीवर ठेवून काढले. आपलेच हात, पण मोकळे सोडायला भीती वाटावी तसे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका अंड्याला आतून टोचा पडला. संध्याकाळपर्यंत एक बाहेर आलं, सकाळी दुसरं. उरलेली दोन गप्पच राहिली. आठवडा उलटला तरी आत्याने ती फोडू दिली नाहीत, अंगणात खड्डा करून तशीच पुरली. आधी पुरलेल्या पिल्लाच्या शेजारी.

बेकरीवाल्याचा निरोप आला: किती निघाली? सांगा, म्हणजे कमी पडली तेवढी पुन्हा पाठवतो. मी फोन हातात घेऊन आत्याकडे बघितलं. ती पिल्लांना दाणे घालत होती. मी तिला वाचून दाखवलं आणि म्हणाले, दोन निघाली, बाकीची खराब निघाली, एवढंच लिहिते, जास्त कशाला. तिचं आधीच एवढं झालं होतं, परत तेच तिच्याकडून वदवून घ्यायची मला इच्छा नव्हती. फोनवर जे बोलणं झालं ते झालं, त्याने ते मनावर घेतलं नसेल.

"नाही," ती म्हणाली. "दोन निघाली. दोन मी आल्या आल्या फोडली, ती चांगली होती. एक जिवंत होतं, ते मी मारलं. असं लिही."

"आत्या, एवढं कुणी विचारलेलं नाही."

"तू काहीही लिहिलंस तरी तो खरं मानेल," ती म्हणाली. "म्हणून नीट लिही."